एक्केचाळीस नंबर उत्तर देईना

चार वाजेपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट स्विचनी उत्तर दिलं, तर दर्शनाची कंत्राटी नोकरी कायम होणार होती. जिन्याखालच्या स्टुलाऐवजी पाठीला टेकू असलेली खुर्ची मिळणार होती. आणि घोडपदेवच्या चाळीत कांतामावशीला ‘अजून टेंपररीच का गं?’ असं चारचौघींत विचारायची सोय राहणार नव्हती. दर्शनाच्या हिशेबात ही शेवटची कमाई सगळ्यात मोठी होती.

काम तसं सोपं. परळच्या त्या हॉस्पिटलात मजल्यामजल्यावर नेटवर्कचे स्विच, म्हणजे तिथली मशिनं एकमेकांना जोडणारे डबे, टांगलेले. आजवर हॉस्पिटलचे जुने वायरमन गणपतकाका शिडी खांद्यावर घेऊन एकेकाला तपासत फिरायचे. आता दर्शनाने लिहिलेला प्रोग्रॅम, तिची स्क्रिप्ट, खाली बसल्याबसल्या सगळ्यांना हाक मारणार, पासवर्ड बदलणार, परत येणार. कुठला स्विच कुठे आहे ही यादी तिने काकांच्याच वहीतून उतरवली होती. वही काकांनी चहासोबत दिली होती, आणि चहाही त्यांनीच पाजला होता.

साडेतीनला त्रेसष्ट हिरवे झाले. एक्केचाळीस नंबर लाल. ‘कनेक्शन टाइमआउट.’

तिने पत्ता पाहिला, बरोबर. फायरवॉल पाहिली, मोकळी. स्क्रिप्ट उत्तरासाठी दहा सेकंद थांबत होती, तिने तीस केले. पुन्हा लाल. साठ केले.

“दे ना रे बाबा,” ती स्क्रीनला म्हणाली.

तिसऱ्यांदा लाल. आणि खाली एक ओळ उमटली, जी तिने मागितली नव्हती: ‘४१: तीनदा उत्तर नाही. वीज बंद करून चालू करत आहे.’

ओळ तिचीच होती. अडलेलं यंत्र बंद करून चालू करायचं, हा घरोघरचा उपाय. स्विचचे प्लगही नेटवर्कवरूनच बंद होणारे, म्हणून मागच्या आठवड्यात तिने तो उपाय स्क्रिप्टला शिकवला होता आणि विसरून गेली होती. एक्केचाळीस म्हणजे कुठला, हे तिने आत्ता वहीत पाहिलं.

चौथा मजला. आयसीयू.

उघडा लॅपटॉप काखेत मारून ती जिना चढली. आयसीयूतल्या मधल्या टेबलावरचा मोठा पडदा काळा पडला होता. दहा खाटांवरच्या माणसांचे ठोके एकत्र दिसायचे, तिथे आता कीर्ती सिस्टरची सावली हलत होती. सिस्टर या खाटेवरून त्या खाटेकडे धावत होती आणि वॉर्डातल्या आयाला ओरडून सांगत होती.

“राधाबाई, सात नंबरपाशी उभ्या राहा! डोळे त्याच्यावरच ठेवा, हलायचं नाय!”

बाहेरच्या पॅसेजमध्ये स्विचचं कपाट उघडं होतं आणि समोर शिडीवर गणपतकाका. एका हातात कुंकवाची ताटली. स्विचवर झेंडूचं फूल, आणि बाजूला एक निळी वायर लोंबकळत होती.

“काका, वायर का काढली?”

“कंट्रोलची गं, तुझे हुकूम येतात ती. पेशंटच्या वायरीला बोट नाय लावलं.” काका स्वतःच गोंधळले होते. “आज खंडेनवमी ना. आमचा बाप मिलमध्ये साच्याला कुंकू लावून पट्टा उतरवून ठेवायचा. आजच्या दिवशी हत्यार चालवायचं नाय. हे तर बंद ठेवता येत नाय, म्हटलं घटकाभर कुणाचा हुकूम तरी नको यायला. इथे जीव जास्त, म्हणून सुरुवात इथून केली.” त्यांनी विझलेल्या स्विचकडे पाहिलं. “पण बाय, हा सगळाच कसा गेला?”

दर्शनाला उत्तर माहीत होतं. एक्केचाळीस नंबर धडधाकट होता, दहाही खाटांचं काम करत होता. फक्त तिची हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. तेवढ्यावर तिने त्याची वीज तोडली होती.

पडदा परत यायला चार मिनिटं लागली. दहाही रेषा हलताना दिसल्या तेव्हा कीर्ती सिस्टर होती तिथेच फरशीवर बसली. सात नंबरपाशी राधाबाई अजून डोळे न मिटता उभ्या होत्या.

दोघांचे वरिष्ठ रघुवीर साहेब धापा टाकत वर आले. त्यांनी ताटली पाहिली, फूल पाहिलं, वायर पाहिली.

“कोणी केलं हे?”

“वायर मीच काढली, साहेब. एकच काढली,” काका म्हणाले. “एकीनं एवढं होईल असं वाटलं नाय.”

“इथे जीव टांगलेत, गणपतराव, आणि तुम्ही पूजा घालताय? चाव्या द्या. उद्यापासून यायचं नाही.”

दर्शनाने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. काखेतल्या लॅपटॉपवर ती ओळ अजून तशीच होती. वाचूनही दाखवता आली असती. तिने लॅपटॉप मिटला.

काकांनी निळी वायर जागेवर बसवली, टक् आवाज आल्याची खात्री केली, आणि मगच कमरेचा जुडगा सोडून साहेबांच्या हातात दिला.

“दर्शना, तुझे सगळे आले का?” साहेबांनी विचारलं.

“आता येतील, सर.”

काका शिडी उचलायला वाकले, मग ती आता आपली नाही हे आठवून तशीच ठेवली. जिन्यापाशी ते थांबले आणि साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

“माझ्यापायी तुझं काय नुकसान तर नाय ना झालं, बाय?”

“नाही, काका,” दर्शना म्हणाली.

तेवढं मात्र खरं होतं.