समोरच्या खिडकीतलं उत्तर

"मागच्या बाजूची खोली द्या," पाहुणा म्हणाला.

पेन्काला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिच्या छोट्याशा हॉटेलच्या पुढच्या खोल्यांतून अर्धं प्लोव्दिव शहर दिसायचं, आणि त्या देखाव्यावरच तिचं पोट चालायचं. मागच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि समोर गल्लीपलीकडच्या घराची खिडकी. ती खोली पेन्का उशिरा येणाऱ्यांच्या गळ्यात मारायची.

"तिथून काही दिसत नाही हो."

"चालेल."

"नळ खोकतो."

"खोकू दे."

यात कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय हे कळल्याशिवाय पेन्काला अन्न गोड लागत नसे. पाहुण्याचा पासपोर्ट जर्मन, पण नाव आसेन आणि बोली अस्सल इथली, फक्त तीस वर्षं जुनी. असे शब्द तिच्या वडिलांनंतर तिने कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

त्याने मान वरखाली केली. तिने काढलेला कप परत फळीवर ठेवून दिला. तो बिचारा बघतच राहिला. मग पेन्काच्या लक्षात आलं आणि ती खो खो हसत सुटली.

"अहो, मान वरखाली म्हणजे आपल्याकडे 'नाही'! 'हो' म्हणायचं तर आडवी हलवायची. जर्मनांनी तुमची मानसुद्धा बदलून घेतली की काय?"

"विसरलोच होतो," तो ओशाळून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने कॉफी विचारली तेव्हा त्याने मान डावीकडून उजवीकडे अशी हलवली, की शाळेतल्या पोराने पाढा म्हणावा. "शाब्बास," ती म्हणाली. "आता झालात पुन्हा इथले."

पण शहर बघायला तो बाहेर पडेना. दिवसभर खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा. पेन्का टॉवेल द्यायला गेली, साबण द्यायला गेली, नळ बघायला गेली. प्रत्येक वेळी त्याची नजर समोरच्या घरावर. तिथे नेवेना एकटीच राहायची. शाळेत गाणं शिकवायची. तिची आई गेल्या हिवाळ्यात वारली होती. आणि बाप? तो ती लहान असतानाच घर सोडून जर्मनीला गेला होता.

पेन्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"नेवेना तुमची मुलगी," ती बदललेला अभ्रा पुन्हा बदलत म्हणाली.

"आई आजारी आहे, असं तिने कळवलं होतं," आसेन म्हणाला. "मी आलो नाही. घाबरलो. आताही दार वाजवायचा धीर होत नाही. तुम्ही विचाराल तिला? घरात घेतलं तर इथेच राहीन, मरेपर्यंत. नाही म्हणाली तर पुन्हा तिला तोंड दाखवणार नाही. तेवढी शांतता तरी तिला देईन."

पेन्काला त्याचा राग यायला हवा होता. आली ती कीवच. तिने एप्रन काढला आणि तडक गल्ली ओलांडली.

नेवेनाने सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि गप्प राहिली. पेन्काला दुसऱ्याचं गप्प राहणं सोसत नसे, म्हणून तीच बोलत सुटली. "केस पिकलेत गं. कॉफीत साखर घालत नाही. अंथरुणाची घडी स्वतः घालतो, मान जर्मनांसारखी हलवतो, खोकतो तर इतका, की नळ बरा."

"मावशी," नेवेना म्हणाली, "मला त्यांच्याशी बोलता येणार नाही. बोलायला गेले तर रडेन नाहीतर शिव्या देईन, आणि सगळी गल्ली कान टवकारून बसलेली आहे. उद्या सकाळी खिडकी उघडेन आणि मानेनंच सांगेन. त्यांना म्हणावं, बघा."

"पण हो की नाही? मला तरी सांग!"

"तुला सांगितलं तर न्याहारीच्या आत अख्ख्या गावाला कळेल."

सकाळी आसेन दाढी करून, टाय लावून उभा होता. पेन्काही आली. या वेळी तिने टॉवेलचं निमित्तसुद्धा केलं नाही.

समोरची खिडकी उघडली. नेवेनाने बापाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग तिने मान वर नेली आणि खाली आणली. सावकाश, स्पष्ट, दोनदा. आणि लगेच आत वळली.

आसेनने खिडकीची चौकट धरली.

"नाही म्हणाली," तो म्हणाला. "बरोबरच आहे तिचं."

त्याने बॅग भरली. तिने फोन नंबर मागितला, तर "आता कशाला?" म्हणाला. दगडी उतारावरून तो मागे न बघता गेला. पेन्का दारात उभी राहून नेवेनाला मनातल्या मनात लाखोली वाहत होती. एवढं काळीज दगडाचं असावं माणसाचं?

दुपारी दार वाजलं. नेवेना उभी होती. अंगात आईचा भरतकामाचा झगा, हातात कापडावर घरी भाजलेला गोल पाव आणि त्यावर मिठाची वाटी. परतून आलेल्या माणसाला दारात देतात तसा.

"बाबांचं अजून आवरलं नाही?" तिने हसायचा प्रयत्न करत विचारलं. "सकाळपासून वाट बघतेय. शेवटी म्हटलं, आपणच जावं."

"ते गेले," पेन्का तुटकपणे म्हणाली. "तूच नाही म्हणालीस. आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं."

"नाही?" नेवेना म्हणाली. "अगं मावशी, तूच म्हणालीस ना, ते मान जर्मनांसारखी हलवतात? त्यांना कळावं म्हणून मी जर्मनांसारखं 'हो' म्हटलं."