दादा नको म्हणाला ते कॉलेज

"ते सोडून दुसरं कुठलंही निवड," दादा लॅपटॉपच्या पडद्यावरून म्हणाला. "इकडचंच ते तळ्याकाठचं कॉलेज बघ. तिथली जीवशास्त्राची प्रयोगशाळा बघितलीस ना?"

"बघितली," धाकटी म्हणाली. "छान आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला तुझ्याच कॉलेजात यायचंय."

दादाने मान फिरवली. त्याच्या मागे नेहमीची कोरी पांढरी भिंत होती.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आई, बाबा आणि धाकटी दाटीवाटीने बसायचे आणि परदेशातला दादा त्यांच्याशी बोलायचा. त्याला तिकडे जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. लहानपणी आपल्या वाटणीचा खाऊसुद्धा बहिणीला देणारा हा मुलगा, तिच्या कॉलेजचा विषय निघाला की मात्र खेकसायचा. गाव कंटाळवाणं आहे, थंडी सोसणार नाही, प्राध्यापक लक्ष देत नाहीत, असं एकेक पुढे करायचा.

"गेला तेव्हा तर कौतुक संपत नव्हतं," कॉल बंद झाल्यावर आई म्हणाली. "वर्गात पंधरा मुलं, प्राध्यापक नावाने हाक मारतात. आता काय झालं?"

"बहीण मागे लागलेली नको असेल," बाबा म्हणाले. "त्या वयात नकोच असते."

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. धूसर गोष्टींचा त्यांना राग होता. "डॉक्टर म्हणजे डॉक्टर, वकील म्हणजे वकील. हे लिबरल आर्ट्स म्हणजे काय, ते मला दादाच्या वेळीही कळलं नव्हतं."

"आधी सगळंच थोडं थोडं शिकायचं, बाबा. इतिहास, गणित, चित्रकला. मग आपला विषय ठरवायचा."

"आणि शेवटी हातात काय येतं?"

"नीट विचार करता येतो. नीट बोलता येतं."

"बोलता तुला आत्ताच येतं," आई म्हणाली. "ते आणखी शिकू नकोस."

शाळेत मार्गदर्शन करणाऱ्या बाईंचंही मत तळ्याकाठच्याच कॉलेजच्या बाजूने पडलं. धाकटीला बेडकांचं वेड होतं, आणि तिथे बेडकांवर आयुष्य घालवलेले एक प्राध्यापक होते. दादाच्या कॉलेजात तिच्यासाठी वेगळं असं काहीच नव्हतं. धाकटीने बाईंचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घरी येऊन दादाच्याच कॉलेजची माहिती वाचत बसली.

त्या कॉलेजने परदेशी विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन बैठक ठेवली तेव्हा बाबाही तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बाकीची मुलं खोल्या कशा आहेत, जेवण कसं आहे, ते विचारत होती. धाकटीने विचारलं, "शिक्षणात मध्येच खंड पडला, तर परत घेता का?"

"अगं, अजून पाऊल ठेवलं नाहीस," बाबा कुजबुजले. "अवलक्षणी प्रश्न कशाला?"

"माहीत असलेलं बरं," ती म्हणाली.

मग एके दिवशी तिथल्या प्रवेश विभागातल्या बाईंशी तिचं बोलणं ठरलं. धाकटीने खोलीचं दार आतून लावून घेतलं. अर्ध्या तासाचं बोलणं लांबत गेलं. आई दोनदा दाराशी जाऊन आली. दुसऱ्यांदा तिला आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काय विचारलं गं?" बाहेर आल्या आल्या आईने विचारलं.

"आमचंच कॉलेज का, असं विचारलं."

"मग तू?"

"दादा तिथे आहे म्हणून, असं सांगितलं."

बाबांनी कपाळाला हात लावला. "हे काय कारण झालं?"

"त्यांना पटलं," धाकटी म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

काही आठवड्यांनी तिने जेवताना शांतपणे सांगितलं, "उत्तर आलं. हो म्हणाले." आईने तिला जवळ घेतलं. बाबा दुसऱ्या दिवशी दुकानात पेढ्यांऐवजी बिस्किटं घेऊन गेले, कारण पेढ्यांचं दुकान बंद होतं. व्हिसाची, तिकिटांची धावपळ धाकटीने एकटीनेच केली. कुणाला हात लावू दिला नाही. दादाला कळलं. तो एवढंच म्हणाला, "बसस्टँडवर येईन घ्यायला."

तो आला. वाळला होता. धाकटीची बॅग त्याने एका हाताने उचलली.

"आधी तुझं हॉस्टेल बघू," तो म्हणाला.

"आधी खाऊ. ती समोरची बेकरी चालेल."

"तिथलं चांगलं नसतं."

"चालेल मला."

ती आत शिरलीसुद्धा. गल्ल्यावरच्या बाईने दादाकडे पाहिलं. "अरे, आज तुझी सुट्टी ना? पहाटेची भट्टी दुसऱ्याने लावली आज. आणि ही कोण?"

दादाचे कान लाल झाले. "बहीण," तो म्हणाला. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

"ऐक," तो म्हणाला. "मी दुसऱ्या वर्षी..."

"नापास झालास. मग गेलाच नाहीस."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू परीक्षांबद्दल बोलणं बंद केलंस. मग मीच शोधून काढलं. आई-बाबांना माहीत नाही."

"मग इथे कशाला आलीस? माझ्या नावाला काळिमा लागलाय इथे. तुला सगळे विचारतील."

"मला कोण विचारणार? मी उद्या सकाळच्या बसने तळ्याकाठी चाललेय, तिथेच घेतलंय मला." धाकटीने पावाचा मोठा तुकडा तोडून त्याच्या पुढ्यात ठेवला. "खा पटकन, तुझ्या कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाई थांबल्यात. इथे हो म्हणालेत ते तुला."