पाठमोरी खुर्ची

कृष्णातआबांनी रिकाम्या व्यासपीठाला वाकून नमस्कार केला आणि पहिल्या रांगेतली आपली खुर्ची उचलून उलटी मांडली. पाठ व्यासपीठाकडं, तोंड माणसांकडं. कॉलेजातल्या शिपायांना आता त्याची सवय झाली होती.

अक्षता धापा टाकत पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आबा, मागनं किती हाका मारल्या! रागावलाय व्हय?"

"रागावतोय कशाला? बोलायचं ते समोर येऊन बोलावं. पाठीमागं कोण काय बोलतंय, तिकडं मी लक्ष देत न्हाय."

अक्षता हसली आणि हातातले कागद पुन्हा चाळू लागली.

हे मॅनेजमेंटचं कॉलेज निघालं तेव्हा फाटकावरचा पहिला बोर्ड आबांनीच रंगवला होता. पिवळ्या पत्र्यावर निळी अक्षरं. आता तिथं दिव्यांची अक्षरं झळकत होती. आतही सगळं पालटलं होतं. प्रोजेक्टचे जाडजूड अहवाल मशीनच डोळ्याची पापणी लवायच्या आत लिहून देऊ लागल्यावर संचालक विश्वजित सरांनी लेखी प्रोजेक्ट बंदच करून टाकले. आता विद्यार्थ्यानं आपला धंदा गावातल्या साध्या माणसांपुढं उभं राहून सांगायचा. दूधवाल्या, रिक्षावाले, किराणा दुकानदार. परीक्षक तिघं. त्यांतले एक आबा, कारण आबा पुढं बसले की कीर्तन रंगलं का पडलं ते त्यांच्या तोंडावर कळतं, अशी सगळ्या पेठेत ख्याती.

"मागच्या खेपेला तुम्हीच मला नापास केलंत," अक्षता म्हणाली.

"केलं की. निम्मी माणसं मोबाइलात गेलती."

"आज झालं नाही तर वर्ष गेलं, आबा. चंदगडला परत. घरचे पुन्हा पाठवणार नाहीत."

"मग ते कागद ठेव खाली. उभी राहतीस ती नारदाची गादी हाय. तिथनं वाचायचं नसतं, सांगायचं असतं."

एवढ्यात विश्वजित सर आले आणि आपल्या झुपकेदार मिशीतल्या मिशीत काहीतरी बोलले.

"व्हय, व्हय," आबांनी मान डोलावली.

हसू दाबायला अक्षतानं तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावली. मग ती बाजूला करून म्हणाली, "आबा, सर विचारतात, चहा का कॉफी?"

"मग दोन्ही आणा म्हणावं. एवढं मोठं कॉलेज हाय!"

माणसं भरली. आबांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. अशा वेळी त्यांना बनाबाईंचं कीर्तन आठवायचं. तरुणपणी देवळात ऐकलेलं. मृदंगाची थाप, चिपळ्या, आणि बाईंचा तो चढा, घोटीव आवाज. त्याच आठवड्यात आबांना ताप भरला आणि महिनाभर ते अंथरुणाला खिळले. ते कीर्तन मात्र कानात राहिलं ते राहिलंच.

पुढं लग्न झाल्यावर ते सरुबाईंना घेऊन एकूण एक कीर्तनाला जायचे. परतताना सरुबाई सगळं कीर्तन त्यांना पुन्हा सांगायच्या, अगदी अभंगासकट. कंदील रस्त्यावर धरायच्या ऐवजी स्वतःच्या तोंडाजवळ धरायच्या आणि आबांच्या पुढं उलट्या चालायच्या. गल्लीतली माणसं हसायची. "बायको हाय का बुवा?" म्हणून चिडवायची. सरुबाई गेल्या, आणि देवळातली गर्दीही गेली. राहिली ती ही खुर्ची.

अक्षतानं सुरुवात केली असावी. आबा माणसं बघत होते.

विठाबाई दूधवाली जांभई देत होती. तिच्यापलीकडचा रिक्षावाला मोबाइल काढत होता. मागं दोघं कुजबुजत होते. आबांनी ओळखलं. पोरगी पडणार.

मग रिक्षावाल्याचा अंगठा थांबला. त्यानं मान वर केली. विठाबाईची जांभई अर्ध्यात मिटली. मागचे दोघं पुढं सरकून बसले. सगळी रांग एकदम हसली, आणि हसता हसता गंभीर झाली. विठाबाईनं पदर डोळ्याला लावला. कीर्तनात कथा काळजाला भिडली की नेमकी अशीच माणसं दिसायची. आबांनी मनात पांडुरंगाला हात जोडले.

सगळे हात टाळ्यांना उठले.

एका परीक्षकानं नापास केलं, बोलण्यात आकडे कमी म्हणून. दुसऱ्या परीक्षक अनुजा मॅडमनी पास केलं. मग सगळे आबांकडं बघू लागले.

"पास," आबा म्हणाले.

अनुजा मॅडम समोर वाकल्या. "कशावरून, आबा?"

"विठाबाईची म्हशी पिळायची वेळ टळून गेलीया. तरी बाई उठली न्हाय. आणि काय पायजे?"

अक्षता त्यांच्या पाया पडली. तेवढ्यात सरांनी एक चकचकीत डबी आबांच्या हातात ठेवली आणि बरंच काही बोलले. आबांनी अनुजा मॅडमकडं बघितलं.

"काय म्हणत्यात हे?"

"पुढच्या वर्षी विद्यार्थी वाढणार, आबा. प्रत्येकासाठी एवढी माणसं जमवणं होत नाही. भाषणं फोनवर येतील. हे कानात घालायचं, घरी बसून ऐकायचं आणि मार्क द्यायचे. मानधनही वाढवलंय."

आबांनी डबी उघडून बघितली. मग ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

"मला सोडा मग."

सर हसून काहीतरी म्हणाले. बाकीचेही हसले. म्हातारा फोनला भ्याला, एवढंच सगळ्यांना दिसलं. आबांनी खुर्ची सुलटी करून ठेवली, व्यासपीठाला नमस्कार केला आणि निघाले.

फाटकापाशी अक्षता धावत आली. आता ती वळसा घालून थेट पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आबा, असं काय करताय? तुमच्याएवढी ऐकायची आवड कुणाला हाय? त्यात कीर्तनंसुद्धा लावून देते मी. पाहिजे त्या बुवांची."

"त्यात ऐकणारी माणसं दिसत्यात का गं?"

"नाही. नुसता आवाज."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग माझ्या काय कामाचं, पोरी? बनाबाईंच्या कीर्तनानंतर ताप आला, तवापासनं मला काय सुदीक ऐकू येत न्हाय."