चारशे ग्रहांचा वारस

"सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण चारशे ग्रहांचं राज्य मी जेवता जेवता चालवतो," भालूकाका पुतणीला म्हणाले. बोलताना त्यांची नजर भिंतीवरच्या ताऱ्यांवरून हलली नाही, आणि शाल्मलीनं आणलेलं थालीपीठ पुढ्यात गार पडून वातड झालं होतं.

सतरा वर्षांपूर्वी त्यांनी हे साम्राज्य खेळ म्हणून मांडलं. पुढे खेळातली माणसं जाणती झाली, कोर्टानं त्यांना जीव मानलं आणि खेळ सोडणं हा गुन्हा ठरला. सम्राटाला उठायचं तर घरातल्याच कुणीतरी राजीखुशीनं अंगठा देऊन त्या खुर्चीत बसायला हवं होतं.

"एकदा दुष्काळ पडला, तर अख्खा धूमकेतू वेसण घालून आणला, टँकरसारखा. प्रजेनं माझ्या नावानं जत्रा भरवली."

"आणि वेळ किती जातो?"

"सकाळी दहा मिनिटं. मग दिवसभर हिंडावं, ताणून द्यावी." काकांनी अंगठ्याची पाटी हळूच तिच्याकडे सरकवली.

शाल्मलीनं हात पुढे केला. काकांनी श्वास रोखला. बाहेरचा रस्ता कुठल्या बाजूला होता, हे ते आठवू लागले.

अंगठा पाटीच्या बोटभर वर थांबला.

"थाप मारताय काका," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम असतं, तर समोरच्याच मंगल कार्यालयात तुमच्या लेकीचं, रेवाताईचं कन्यादान तुम्ही केलं असतंत. माझ्या बाबांना करावं लागलं नसतं."