हाकेची प्रॅक्टिस

आजी-आजोबांची युरोप ट्रिप मी स्वतः आखली. चार देश, सगळा प्रवास ट्रेनने आणि सोबत टूर कंपनी वगैरे काही नाही! फक्त बाबा अडून बसले होते. "परक्या स्टेशनवर चुकामूक झाली तर? अण्णांचा मोबाइल कायम बॅगेच्या तळाशी असतो," ते आजोबांबद्दल म्हणाले.

"मी हाक मारीन की," आजी म्हणाली.

"आई, आधी मारून दाखव. मगच तिकिटं."

म्हणून रविवारी द्वारका सर्कलच्या गर्दीत आजीची परीक्षा ठेवली. आजोबांना फुटपाथवरून बरंच पुढे पाठवलं.

"अहो!" आजीने हाक मारली. तीन अनोळखी काका वळले, आजोबा सोडून.

"आजी, नाव घे, नाव!" मी म्हटलं.

आजी लाजली आणि सुरूच झाली, "गोदेच्या काठी द्राक्षांचा मळा..."

"अगं, उखाणा नको! तेवढ्यात त्यांची ट्रेन सुटेल!"

मग आजीने पर्स काखेत घट्ट धरली, मोठा श्वास घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं, "चिंतामण!"

अख्खा फुटपाथ वळला. आजोबा मात्र पाठमोरेच.

"बघ, त्यांना ऐकूच येत नाही. ट्रिप रद्द," बाबा म्हणाले.

मी धावत आजोबांना गाठलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "ऐकलं गं, स्पष्ट ऐकलं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, अजून एकदा म्हणते का बघू."

आजी माझ्या मागेच पोचली होती. "आता परत ऐकायचं असेल, तर पॅरिसला चला!"