मरळीची राखण

"तो लाल पिल्लांचा पुंजका दिसतोय ना? बरोब्बर त्यातच गळ टाक," शिर्केकाका कुजबुजले. "खाली मरळ राखणीला असते. भूक नसली तरी आमिषावर तुटून पडते."

तशीच पडली. चांगली दोन किलोची! आम्ही हौशी, मासा खात नाही, सोडून देतो. फोटो मात्र हवेतच. मी तिला छातीशी धरून हसलो. आडवा काढला, उभा काढला, मग काकांसोबत.

सोडल्यावर काठच्या नितळ पाण्यातून ती थेट पिल्लांकडे गेली. तोवर चिलापी माशांनी सगळा पुंजका साफ केला होता. ती तिथेच गोल गोल फिरत राहिली.

काकांनी पुन्हा तिच्या तोंडासमोर आमिष टाकलं. "आता धरत कशी नाही?"

कशाला धरेल? राखायला काय उरलं होतं?