नळीवरचे ठोके

रंगाचा कारखाना बंद पडल्यावर वीस वर्षांनी जमीन तपासायला सरकारी निधी आला. माती चांगली निघाली तर कामगारांच्या घरच्यांना तिथे घरं मिळणार; यादीत पहिलं नाव एका कामगाराच्या विधवेचं. ती कुंपणापाशीच ठाण मांडून बसलेली. माती तपासणारी तिचीच लेक. लेकीने दहा हात खोल नळी उतरवली. खोटं नाही सांगत, खालून नळीवर तीन-तीन ठोके येऊ लागले. बोअरवाला म्हणाला, “दगड असेल, ताई.” लेक भर उन्हात गारठली. कारखान्यात विषारी गॅस सुटला की बाबा इतरांना सावध करायला पाइपवर तीन ठोके द्यायचे, एकदा त्या गॅसनेच गेले. तिने हातोडीने नळीवर एकदा ठोकलं, म्हणजे ‘ऐकलं’. ठोके थांबले. तिने वहीत लिहिलं, ‘घरं बांधू नयेत.’ ठोके आईनेही ऐकले होते; ती गुडघे धरत उठली. “जाऊ दे घर. तुझा बाप जिवंतपणी कधी रजेवर गेला नाही, आता काय जाणार?”